ग्राफिक्सच्या असाइनमेंटचे नियम आणि काळा पडदा

रेखाखंड

पुढच्या सेमिस्टरला संगणक ग्राफिक्सचा प्रोग्रामिंग कोर्स पुन्हा माझ्याकडे आलाय. अभ्यासक्रम तोच आहे, पण असाइनमेंटचे नियम मी मुळापासून लिहायला घेतलेत. आजवरचे नियम इतर प्रोग्रामिंग कोर्सांवरून जसेच्या तसे उचललेले होते: उशीर झाला की दिवसाला दहा टक्के मार्क कमी, अपेक्षित आउटपुट आलं नाही तर शून्य, आपसात चर्चा बंद, कॉपी सापडली तर दोघांनाही शून्य. डेटा स्ट्रक्चर्सला हे चालून जातं. ग्राफिक्सला चालत नाही, असं माझं आता ठाम मत झालंय.

सॉर्टिंग चुकलं तरी काहीतरी उत्तर येतं. बरेचसे आकडे जागेवर असतात, दोन-चार भरकटलेले असतात, आणि तेच आकडे चूक कुठे आहे ते सांगतात. ग्राफिक्समध्ये एक चिन्ह उलटं पडलं की पडदा काळा. मॉडेल कॅमेऱ्याच्या मागे गेलंय, त्रिकोणांची दिशा उलटी आहे, मॅट्रिक्स आडवं-उभं झालंय की दिवाच लावलेला नाही, या सगळ्या चुकांचा चेहरा एकच.

गेल्या वेळी एका विद्यार्थिनीचं तिसरं असाइनमेंट असंच काळं आलं. नियमाप्रमाणे आउटपुटचे सगळे मार्क गेले. निकाल लागल्यावर एका संध्याकाळी मी तिचा कोड शांतपणे वाचला. कॅमेरा बरोबर, टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) बरोबर, प्रकाशाचं गणित तर वर्गातल्या सर्वांत नीटनेटक्या कोडपैकी. फक्त पर्स्पेक्टिव्ह मॅट्रिक्स (दूरचं लहान दिसावं यासाठीचं गणित) बनवताना तिने नियर प्लेन, म्हणजे ज्याच्या अलीकडचं काहीच काढायचं नाही ते कॅमेऱ्यापासूनचं अंतर, ० ठेवलं होतं. ते शून्य झालं की झेडच्या ओळीतलं एक पद उणे एक होतं आणि दुसरं नाहीसं होतं. बिंदूचा क्लिप झेड (खोली) आणि त्याला ज्याने भागायचं तो डब्ल्यू तंतोतंत सारखे येतात. भागाकार केला की प्रत्येक बिंदूची खोली १. डेप्थ बफर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची आतापर्यंतची सर्वांत जवळची खोली ठेवणारी जागा, सुरुवातीला १ नेच भरलेला, आणि तुलना ‘लहान असेल तरच काढ’ अशी. एकही पिक्सेल पास होत नाही. मी ० च्या जागी ०.१ लिहिलं आणि चहाची किटली समोर उभी राहिली, तिच्या चोचीवर चकाकीसकट.

तीन आठवड्यांचं काम एका आकड्यापायी गेलं. आकडा तिचा होता, पण नियम माझा होता.

म्हणून नवा मसुदा असा आहे. प्रत्येक असाइनमेंट टप्प्यांत तपासायचं, शेवटच्या चित्रावर नाही. विद्यार्थ्याने प्रत्येक टप्प्याचं चित्र कोडसोबत द्यायचं: आधी नुसती तारांची जाळी, मग सपाट रंग, मग नॉर्मल सदिशच (पृष्ठभागाला काटकोनातल्या दिशा) रंग म्हणून दाखवलेले, मग प्रकाश, मग टेक्स्चर. शेवटचा टप्पा काळा आला तरी आधीचे मार्क शाबूत. उशिरासाठी टक्केकपात नाही. सेमिस्टरभरात मिळून पाच ‘उशिराचे दिवस’, एका असाइनमेंटला जास्तीत जास्त दोन, कारण विचारायचं नाही. चर्चा खुली, कोड बंद. आणि प्रत्येक असाइनमेंटनंतर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा.

यातलं काय टिकेल, काय नाही, हे ज्यांनी असे कोर्स शिकवलेत, तपासलेत किंवा केलेत त्यांच्याकडून या चर्चेच्या धाग्यावर ऐकायचं आहे.

समतल

चार सेमिस्टर मी या कोर्सची असाइनमेंट तपासली आहेत, त्यामुळे तपासणाऱ्याच्या बाजूने लिहितो. टप्प्यांच्या चित्रांना शंभर टक्के पाठिंबा. तपासायला वेळ वाढेल अशी भीती वाटते, पण उलट कमी होतो. काळा पडदा समोर असताना एकेका कोडमध्ये तासभर जातो. नॉर्मलचं रंगीत चित्र समोर असेल तर जाळी उलटी आहे की प्रकाश चुकलाय हे पाच सेकंदांत कळतं.

मसुद्यात एक गोष्ट राहिली आहे: कुठल्या मशीनवर तपासायचं. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतं’ हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलंय आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, कंपाइल करण्याचं काम ग्राफिक्स ड्रायव्हर करतो आणि प्रत्येक ड्रायव्हरचा कडकपणा वेगळा. एकावर निमूट चालून जाणारी ओळ दुसऱ्यावर एररवर अडते. आरंभीची किंमत न दिलेलं चल एका कार्डावर शून्य निघतं, दुसऱ्यावर कचरा. मॅकवर ओपनजीएल (ज्यातून आपण कार्डाला चित्र काढायला सांगतो ती प्रणाली) ४.१ च्या पुढे गेलेलं नाही आणि २०१८ पासून ॲपलने ते कालबाह्य ठरवलंय, त्यामुळे ४.३ मध्ये आलेले कंप्युट शेडर कोणी वापरले तर अर्ध्या वर्गाकडे ते चालणारच नाहीत.

माझी सूचना: ओपनजीएलचं ३.३ कोअर प्रोफाइल पक्कं करा आणि नियमात तपासणीचं मशीन नावानिशी लिहा. आम्ही शेवटी मेसाच्या एलएलव्हीएमपाइप या सॉफ्टवेअर ड्रायव्हरवर तपासायला लागलो. तो सगळं चित्र सीपीयूवरच काढतो, कार्ड लागत नाही, आणि कोणत्याही सर्व्हरवर जवळपास तोच निकाल देतो. हळू आहे, पण किटली काढायला पुरतो. विद्यार्थ्यांनाही त्याच सेटअपवर सबमिशनच्या आधी हवं तितक्या वेळा चालवून पाहता आलं पाहिजे. ही सोय दिली तर ‘कंपाइल झालं नाही’ हा वाद जवळपास संपतो.

दुसरं, चित्रांची तुलना आपोआप करणार असाल तर पिक्सेलला पिक्सेल जुळवू नका. दोन वेगळ्या अंमलबजावण्यांची चित्रं तंतोतंत सारखी येतील अशी हमी ओपनजीएलचं स्पेसिफिकेशनच देत नाही. त्रिकोणाच्या कडेवरचा एखादा पिक्सेल इकडचा तिकडे होणारच. थोडी सूट ठेवून फरक मोजा आणि फरकाचं चित्र विद्यार्थ्याला परत द्या. आकड्यापेक्षा त्या चित्रातून तो जास्त शिकतो.

लंबसदिश

मीही शिकवतो, आणि मला हा मसुदा जरा जास्तच मऊ वाटतोय. राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो.

टप्प्यांचे मार्क ठीक. पण जो प्रोग्राम कंपाइलच होत नाही त्याला मार्क का? आणि चर्चा खुली म्हणजे नेमकी किती खुली? दोन मुलं एकाच पडद्यासमोर बसली की ‘चर्चा’ आणि ‘सांगतोय ते टाइप कर’ यांत रेघ उरत नाही. उशिराच्या दिवसांचंही तेच. माझ्या अनुभवात मुलं ते सगळे पहिल्या दोन सोप्या असाइनमेंटना उडवतात आणि रे ट्रेसरच्या (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणाऱ्या असाइनमेंटच्या) वेळी हात रिकामे असतात. मग पुन्हा विनवण्या सुरू. मुदत म्हणजे मुदत, हे शिकवणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

रात्रपाळी

लंबसदिश सर, तुमच्या मुद्द्याचा आदर ठेवून विद्यार्थ्याची बाजू मांडतो. मी नोकरी करून शिकतोय. आठवड्यातले चार दिवस रात्री काम असतं.

मुदत वाढवून मागायची म्हणजे दर वेळी आपली अडचण कोणापुढे तरी उघडी करायची. घरातलं आजारपण, पैशाची ओढाताण, कधी स्वतःचीच तब्येत. ज्याला बोलता येतं त्याला मुदत मिळते, ज्याला संकोच वाटतो तो गप्प राहून मार्क घालवतो. ‘कारण विचारायचं नाही’ हे तीन शब्द माझ्यासाठी पूर्ण नियमावलीत सर्वांत मोलाचे आहेत. दिवस सुरुवातीलाच उडवले तर ती माझी चूक, पण हिशेब माझ्या हातात होता.

मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. या कोर्समध्ये असाइनमेंट एकावर एक रचलेली असतात. दुसऱ्यातला कॅमेरा तिसऱ्यात लागतो, तिसऱ्यातली जाळी वाचणारी फाइल चौथ्यात. दुसरं बिघडलं की पुढची सगळी बिघडतात आणि एका चुकीची शिक्षा तीनदा होते. मागच्या असाइनमेंटचं चालणारं उत्तर सगळ्यांना द्याल का? ज्याला स्वतःचा कोड पुढे न्यायचाय त्याने न्यावा, ज्याचा मोडलाय त्याने दिलेल्यावर उभं राहावं.

रेखाखंड

रात्रपाळी, हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता आणि असायला हवा होता. नियमात घालते: मुदत आणि त्यावरचे दोन दिवस संपले की तिसऱ्या दिवशी सकाळी आमचं उत्तर सर्वांना खुलं. एका असाइनमेंटला दोनच दिवस या मर्यादेला आता भक्कम कारण मिळालं. त्यानंतर कोणाचंही सबमिशन घेता येणार नाही, कारण उत्तर बाहेर आलेलं असेल. लंबसदिश, तुमची ‘मुदत म्हणजे मुदत’ इथे येते, आणि मुलांना तिचं कारणही दिसतं.

कंपाइल न होणाऱ्या कोडबद्दल तुमचं बरोबर आहे. समतल म्हणतात तसा तपासणीचा सेटअप आधीच खुला असेल तर कंपाइल न होणारा कोड द्यायला सबब उरत नाही. तिथे शून्य कायम. पण न कंपाइल होणं आणि काळा पडदा या दोन गोष्टी मी एकाच तागडीत घालणार नाही. पहिली चूक कंपाइलर ओळीच्या क्रमांकासकट सांगतो. दुसरीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

चर्चेबद्दल: फळ्यावर काय हवं ते काढा, वाद घाला, मॅट्रिक्स सोडवा. उठताना फळा पुसायचा आणि रिकाम्या हातांनी परतायचं. कोणाच्याही पडद्याकडे बघून टाइप करायचं नाही, आणि कोणाशी बोललात त्यांची नावं वर लिहायची. नाव लिहिल्याने एकही मार्क जात नाही, हे ठळक अक्षरांत घालणार आहे, कारण मुलं त्या भीतीनेच लपवतात.

छायाकार

मी रेंडरिंगचं काम करून पोट भरतो. कॉपीच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ग्राफिक्समध्ये तो इतर विषयांसारखा नाही.

आपल्या विषयाचा पाया जुना आणि छोटा आहे. ब्रेझनहॅमची रेषा १९६५ मध्ये छापून आली. गूरोचं शेडिंग १९७१ चं, फाँगचं १९७५ चं, म्योलर आणि ट्रंबोर यांची किरण-त्रिकोण छेदाची पद्धत १९९७ ची. शेवटची लिहायला वीस-पंचवीस ओळी लागतात आणि प्रामाणिकपणे लिहिली तरी सगळ्यांची जवळपास सारखीच दिसते: दोन कडा, एक क्रॉस गुणाकार, एक डॉट गुणाकार, शून्याजवळ असेल तर परत फिर. साम्य शोधणारं मॉस वापरत असाल तर तुम्ही दिलेला सुरुवातीचा कोड त्याला आधार फाइल म्हणून नक्की द्या, नाहीतर सगळा वर्ग एकमेकांची कॉपी वाटेल. आणि त्याचा आकडा हा पुरावा मानू नका. कुठे पाहायचं एवढंच तो सांगतो.

मी स्वतः काय पाहीन? चुका. बरोबर सूत्र सगळ्यांचं सारखंच असतं, चूक ज्याची त्याची असते. दोघांच्या कोडमध्ये परावर्तित सदिशाचं चिन्ह त्याच जागी उलटं असेल आणि ते झाकायला दोघांनीही तोच उणे एकचा गुणाकार पुढे घातला असेल, तर ते फळ्यावरच्या चर्चेतून आलेलं नाही. शिवाय गिटचा, म्हणजे कोडमधले बदल टप्प्याटप्प्याने नोंदवणाऱ्या साधनाचा, इतिहास मागा. तीन आठवड्यांच्या कामाच्या वीस-तीस कमिट (नोंदी) असतात, मोडकी चित्रं असतात, मधेच मागे फिरलेलं असतं. मुदतीच्या आदल्या रात्री एकाच कमिटमध्ये सगळं आलं तर तो गुन्हा ठरत नाही, पण तोंडी परीक्षेत तिथे जरा जास्त वेळ थांबावं.

त्रिकोणजाळी

मॅडम, मी हा कोर्स पुढच्या सेमिस्टरला घेणार आहे. दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

एक, तोंडी परीक्षेची मला मनापासून भीती वाटते. कोड मीच लिहिलेला असतो, पण समोर कोणी बसून विचारलं की माझं डोकं रिकामं होतं. मला येत नाही असा अर्थ निघाला तर?

दोन, कोड लिहून देणाऱ्या एआयबद्दल मसुद्यात काहीच नाही. वर्गातले बहुतेक जण वापरतात. बंदी असेल तर तसं सांगा, परवानगी असेल तर किती ते सांगा. मधल्या धुक्यात प्रामाणिक मुलांचंच नुकसान होतं.

छायाकार

दुसऱ्या प्रश्नावर कामातला अनुभव सांगतो, निर्णय मॅडमचा. एआयने दिलेला ग्राफिक्सचा कोड वाचायला सुरेख असतो आणि अनेकदा दोन जगांची सरमिसळ असते. ओपनजीएलमध्ये भागाकारानंतर खोली उणे एक ते एक धरतात, व्हल्कन आणि डायरेक्टथ्रीडी या तशाच दुसऱ्या प्रणालींमध्ये शून्य ते एक. कुठे मॅट्रिक्स स्तंभांच्या क्रमाने ठेवतात, कुठे ओळींच्या. प्रत्येक फंक्शन आपापल्या जागी बरोबर असतं, एकत्र आणलं की पडदा काळा. आणि ज्याने ते लिहिलेलंच नाही त्याला कुठून शोधायला लागायचं तेही कळत नाही. आमच्याकडे नव्याने आलेल्यांना मी आधी हाताने एक त्रिकोण काढायला लावतो, कागदावर प्रत्येक पायरीचे आकडे लिहून.

रेखाखंड

त्रिकोणजाळी, धुक्याबद्दल तू म्हणतेस ते खरं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. पहिल्या दोन असाइनमेंटमध्ये एआय बंद, आणि गणिताची तयार लायब्ररीसुद्धा बंद. मॅट्रिक्सचा गुणाकार, कॅमेरा, रेषा आणि त्रिकोण भरणं हे स्वतःच्या हाताने. तिसऱ्यापासून गणितासाठी जीएलएम लायब्ररी वापरा, चित्रांच्या फाइल वाचायला एसटीबी वापरा, एआयला संकल्पना आणि एररचे अर्थ विचारा. त्याने दिलेला कोड घेतलात तर त्या ओळींच्या वर तसं लिहा. लिहिलेलं असेल तर मार्क जात नाहीत, पण त्या ओळींवर तोंडी प्रश्न येणार.

आता तोंडी परीक्षा. प्रश्नांची यादी मी असाइनमेंटबरोबरच देणार आहे. त्यातलेच दोन विचारीन. आणि बोलण्यापेक्षा करून दाखवण्यावर भर असेल: तुझ्याच कोडमध्ये एक छोटा बदल, तुझ्याच कीबोर्डवर, मी शेजारी बसून.

एक नमुना देते. गोल एक्सच्या दिशेने दुप्पट ताण. चालवण्याआधी सांग, चकाकी कुठे सरकेल? मग चालव. नॉर्मल सदिश मॉडेलच्याच मॅट्रिक्सने गुणले असतील तर चकाकी चुकीच्या जागी जाते. कागदावर बघ: (१, १, ०) हा नॉर्मल, त्याला काटकोनात असलेला पृष्ठभागावरचा सदिश (१, −१, ०). ताणल्यावर पृष्ठभागाचा सदिश (२, −१, ०) होतो. नॉर्मलही तसाच ताणला तर (२, १, ०), दोघांचा डॉट गुणाकार ३. काटकोन मोडला. व्यस्त मॅट्रिक्सचं ट्रान्स्पोज वापरलं तर नॉर्मल (०.५, १, ०) येतो आणि डॉट गुणाकार शून्य. ज्याने ही ओळ समजून लिहिली आहे तो गडबडला, अडखळला तरी पेन हातात घेतल्यावर इथवर पोचतोच. ज्याने उचलली आहे तो ‘असंच करतात’ म्हणून थांबतो. मला हाच फरक बघायचा आहे. तुझं बोलणं किती सफाईदार आहे यावर मार्क नाहीत.

लंबसदिश

हा गोलाचा प्रश्न मी माझ्या कोर्ससाठी घेतोय, परवानगी गृहीत धरतो. आणि उत्तर खुलं करण्याच्या तारखेला बांधलेली मुदत मला पटली. माझ्या कोर्समध्ये टक्केकपात आहे, ती यंदा काढून बघेन.

जादा मार्कांबद्दल कोणी लिहिलं नाही. माझ्याकडे दरवर्षी दोन-तीन मुलं इंटरनेटवरून देखणं शहर उतरवून घेतात, धुकं आणि पाऊस घालतात, आणि मूळ असाइनमेंटमधल्या सावल्या अर्धवट असतात. बघताना डोळे दिपतात, मार्क देताना हात आखडतो.

समतल

आम्ही दोन नियम केले होते आणि ते टिकले. मूळ भाग पूर्ण झाल्याशिवाय जादा भाग उघडायचाच नाही. आणि तपासणीचं चित्र आम्ही दिलेल्याच दृश्याचं: १९७५ ची युटाची किटली किंवा ६९,४५१ त्रिकोणांचा स्टॅनफर्डचा ससा. साध्या दृश्यात लपायला जागा नसते. सशाच्या कानाची सावली त्याच्याच पाठीवर नीट पडली का, किटलीच्या चोचीखाली ठिपके-ठिपके आलेत का, लगेच दिसतं.

रे ट्रेसरसाठी आणखी एक: वेगावर मार्क ठेवू नका, नाहीतर चांगल्या लॅपटॉपवाल्याला फायदा होतो. त्याऐवजी प्रत्येक पिक्सेलमागे १६ आणि ६४ नमुन्यांची (किरणांची) दोन चित्रं मागा. नमुने चौपट केले की कण-कण दिसणारा गोंगाट निम्मा व्हायला हवा. होत नसेल तर यादृच्छिक आकड्यांत किंवा सरासरीत चूक आहे, आणि ती लॅपटॉप कितीही महाग असला तरी दिसते.

रात्रपाळी

मॅडम, एक विचारायचं राहिलं. त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं?

रेखाखंड

निकाल जाहीर झालेला होता, त्यामुळे मला परस्पर बदलता आला नाही. गुणदुरुस्तीचा अर्ज मीच लिहून दिलाय, तिच्या कोडमधल्या त्या ओळीसकट आणि दोन्ही चित्रं जोडून. अजून उत्तर आलेलं नाही. तिला भेटून काय झालं होतं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘म्हणजे लाइटिंग चालत होतं?’ तिला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

त्रिकोणजाळी

मी कालच घरी किटली काढून पाहिली. नियर ० केल्यावर खरंच सगळं नाहीसं झालं, आणि डेप्थ टेस्ट बंद केल्यावर किटली परत आली, फक्त आतली बाजू बाहेर दिसत होती! मग मी नियर ०.००१ ठेवला, म्हणजे जवळचं काहीच कापलं जाणार नाही. पण आता मागची जमीन आणि तिच्यावरची सतरंजी एकमेकींत लुकलुकतायत. हे का?

समतल

कारण खोलीची अचूकता सगळीकडे सारखी वाटली जात नाही. बहुतेक सगळी नियरजवळच खर्च होते. २४ बिटांच्या डेप्थ बफरमध्ये दोन पृष्ठभाग वेगळे ओळखू येण्याचं अंतर साधारण काढायचं असेल तर कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा वर्ग घ्या आणि त्याला नियर गुणिले दोनाच्या २४ व्या घाताने भागा. १०० एककांवर, नियर ०.००१ असताना, ते येतं जवळपास ०.६. तुमची सतरंजी जमिनीपासून त्याहून कमी उंचीवर असणार. नियर ०.१ करा, तेच अंतर ०.००६ होईल. ‘फार प्लेन’ (दूरच्या टोकाची मर्यादा) कितीही हलवलंत तरी इतका फरक पडणार नाही.

रेखाखंड

समतल, हे गणित आणि त्रिकोणजाळीचा प्रयोग, नियरच्या ०, ०.००१ आणि ०.१ या तिन्ही किंमतींसह, दुसऱ्या असाइनमेंटचा पहिला टप्पा म्हणून घालतेय. तिन्ही चित्रं काढून द्यायची, काळ्या चित्रासकट, आणि काळ्या चित्रालाही मार्क असतील.